हौशी रेडिओ



3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि मंडणगड या तालुक्यांचे फार नुकसान झाले. विजेचे खांब पडले. फोन बंद झाले. मुंबईत आणि आखाती देशांत नोकरी करणारी माणसे घरच्यांची खुशाली कळावी म्हणून तळमळत होती. घरचे लोक सुखरूप होते, पण 'आम्ही ठीक आहोत' एवढेच कळवायलाही साधन नव्हते.

अशा वेळी उपयोगी पडणारा एक छंद आहे. त्याचे नाव हौशी रेडिओ. त्याला 'हॅम रेडिओ' असेही म्हणतात. उर्दूत आपण ज्याला शौक म्हणतो, तीच ही हौस.

आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र तुम्हांला माहीत आहे. ते बोलते आणि आपण ऐकतो. हौशी रेडिओत मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येते. मध्ये तार लागत नाही की मोबाइलचा मनोरा लागत नाही. यंत्र, बॅटरी आणि एरिअल असले की काम चालते.

हातात मावणाऱ्या लहान यंत्राच्या लहरी साधारण सरळ जातात. वाटेत डोंगर आला की त्या अडतात. म्हणून रस्त्यावरून बोलण्यापेक्षा रत्नदुर्गावरून बोलले तर आवाज अधिक दूर जातो. लघुलहरींचे तसे नाही. त्या आकाशात उंच जातात, तेथील विद्युतभारित थरावरून वळतात आणि दूरच्या जमिनीवर उतरतात. त्यामुळे सह्याद्रीपलीकडे दिल्लीला किंवा समुद्रापलीकडे मस्कतलाही आवाज पोहोचू शकतो.

हा छंद शिकायचा असेल तर आधी ऐकायला शिकावे. अनुभवी माणसाच्या शेजारी बसावे. खरखरीतून आवाज कसा ओळखायचा, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत कसे थांबायचे, हे तेथेच समजते. अक्षरे चुकू नयेत म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द ठरलेला असतो. 'रत्नागिरी' हे नाव इंग्रजी अक्षरांत असे सांगतात : रोमिओ, अल्फा, टँगो, नोव्हेंबर, अल्फा, गोल्फ, इंडिया, रोमिओ, इंडिया. निरोप घेताना 'त्र्याहत्तर' हा आकडा इंग्रजीत म्हणतात. त्याचा अर्थ 'शुभेच्छा'.

बोलण्यासाठी केंद्र शासनाचा परवाना लागतो. वयाची 12 वर्षे पूर्ण झाली की त्याची परीक्षा देता येते. परीक्षेत रेडिओचे शास्त्र आणि नियम विचारतात. सुरुवातीच्या परवान्यासाठी मोर्स लिपी यावी लागत नाही. परवाना मिळाला की प्रत्येकाला स्वतःचे संकेतनाम मिळते. भारतातील ही नावे 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होतात. या रेडिओवर व्यापार करता येत नाही. गुप्त गोष्टीही बोलू नयेत, कारण बोलणे कोणीही ऐकू शकतो.

डिसेंबर 2004 मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आपली यंत्रे घेऊन अंदमानला गेल्या होत्या. जगभरच्या हौशी मित्रांशी बोलावे, एवढाच त्यांचा हेतू होता. 26 डिसेंबरला त्सुनामी आली. नेहमीची संपर्कसाधने कोलमडली. तेव्हा पोर्ट ब्लेअरहून त्यांच्या रेडिओने बातम्या आणि खुशालीचे निरोप बाहेर पोहोचवले. कितीतरी घरांची काळजी मिटली.

मित्रांनो, पोहणे बुडताना शिकता येत नाही. तसेच रेडिओ चालवणेही वादळ आल्यावर शिकता येत नाही. ते शांत दिवसांत, रोज थोडे थोडे शिकावे लागते. पुढच्या वादळात आपल्या गावाची खुशाली सांगणारा आवाज तुमचाही असू शकेल. मग कराल ना सुरुवात?

स्वाध्याय

1. वादळानंतर बाहेरगावी असलेली माणसे का तळमळत होती?
2. आकाशवाणी आणि हौशी रेडिओ यांत कोणता फरक आहे?
3. लघुलहरी डोंगरापलीकडे कशा पोहोचतात?
4. वाक्यात उपयोग करा : तळमळणे, सुखरूप असणे, काळजी मिटणे.