स्कीइंगला जाताय? कॅमेऱ्यासोबत कोणती लेन्स न्यायची आणि कोणती रूमवर ठेवायची

गुलमर्गला पहिल्यांदा स्की शिकायला गेलो तेव्हा माझ्या पाठीवरच्या बॅगेत तीन लेन्स होत्या. त्यातली एक पुण्यातून भाड्याने घेतलेली ७०-२०० एफ/२.८, जवळपास दीड किलोची. पहिल्या दिवशी माझा मित्र न पडता पूर्ण उतार खाली आला, तेव्हा मी ग्लोव्हज काढून लेन्स बदलत बसलो होतो. फोटो गेला. दुसऱ्या दिवशी मी पाठीवर आपटलो. लेन्सला काही झालं नाही, पण ती मणक्याच्या बाजूला अशी रुतली की पुढचे दोन दिवस मी खिडकीतूनच बर्फ बघितला.

म्हणून हा लेख. चला, एकेक मुद्दा बघूया.

बर्फात एफ/२.८ ची गरज का नसते?

महागड्या लेन्सचं मोठं अ‍ॅपर्चर मुख्यतः कमी उजेडात कामाला येतं. उन्हातल्या बर्फावर उजेडाची कमी नसते, उलट बर्फ तो परत फेकतो. फोटोग्राफीत 'सनी १६' नावाचा जुना नियम आहे: लख्ख उन्हात आयएसओ १०० असेल तर एफ/१६ आणि साधारण १/१०० शटर. बर्फात त्याहून एक स्टॉप जास्त उजेड धरतात. हिशोब केला तर एफ/५.६ वर साधारण १/१६०० सेकंद शटर मिळतं. उडी मारणारा स्नोबोर्डर गोठवायला एवढं पुरेसं आहे. म्हणजे साधी, हलकी, एफ/५.६ वाली झूम लेन्सही दिवसा मस्त चालते. ढग आले तर आयएसओ ४०० करा, बस.

वाइड की टेली?

• वाइड (१६-२४ मिमी): मित्र अगदी जवळून जाणार असेल, मागे अख्खं आकाश हवं असेल तर छान. पण लांबून काढलात तर माणूस मुंगीएवढा दिसतो आणि वरून खाली काढलेल्या फोटोत तीव्र उतारसुद्धा सपाट वाटतो.
• टेली (१००-२०० मिमी): उताराच्या कडेला सुरक्षित उभं राहून काढता येतो आणि मागचा डोंगर मोठा, जवळ आल्यासारखा दिसतो. अफरवटची शिखरं मागे हवी असतील तर हीच रेंज.

दोन्ही हव्यात, पण वाऱ्यात लेन्स बदलायची नाही. उघड्या कॅमेऱ्यात बर्फाचा एक कण गेला की सेन्सरवर डाग नक्की.

मग मी आता काय नेतो?

एकच लेन्स: १८-१३५ मिमी, वजन साधारण अर्धा किलो. माझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा आहे, त्यामुळे ती फुल फ्रेमच्या २९ ते २१६ मिमी इतकं काम करते. फुल फ्रेमवाल्यांनी २४-१०५ बघावी. याहून वाइड हवं असेल तर खिशातल्या फोनचा ०.५एक्स आहेच. सोबत लेन्स हूड मात्र हवाच, तो उडणारा बर्फ काचेवर येऊ देत नाही.

कॅमेरा ठेवायचा कुठे?

पाठीवर कडक वस्तू नको, हे मी अंगावर घेऊन शिकलो. छातीवर घट्ट बसणारी पॅडेड बॅग बरी, चटकन हातही पोहोचतो. पण पुढे पडलात तर तीही लागते, म्हणून आतली लेन्स छोटीच हवी. आणि पहिल्यांदाच शिकत असाल तर पहिले दोन दिवस कॅमेरा नेऊच नका. आधी थांबायला शिका!

या तीन चुका टाळा

१. बर्फ राखाडी येणं: एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा.
२. थंडीत बॅटरी उतरणं: जास्तीची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.
३. लेन्समध्ये बाष्प धरणं: गार कॅमेरा थेट हीटरवाल्या खोलीत काढू नका. बाहेरच झिप पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर तासभर तसाच राहू द्या.

फक्त फोनच असेल तर?

काहीच बिघडत नाही. वरचे तिन्ही मुद्दे फोनलाही लागू आहेत. बर्फावर टॅप करून ब्राइटनेसची पट्टी थोडी वर सरकवा. ३एक्स किंवा ५एक्सची वेगळी लेन्स असेल तर उन्हात ती बिनधास्त वापरा. नसेल तर डिजिटल झूम ताणण्यापेक्षा मित्राला जवळून जायला सांगा. ग्लोव्हजमध्ये टचस्क्रीन चालत नाही, तेव्हा व्हॉल्यूमच्या बटणाने क्लिक करा. आणि फोन मनगटाला दोरीने बांधा, ताज्या बर्फात पडलेला फोन शोधणं म्हणजे दिवस वाया.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, एकच लेन्स घेऊन. मित्र खाली येत होता आणि या वेळी माझा हात शटरवर होता. फोटो थोडा तिरका आलाय, पण आलाय.