रुंद पडद्याची खरेदी

दिवाळी जवळ आली कीं सवलतींना ऊत येतो. यंदा आमच्या पुतण्यानें खेळासाठीं ४९ इंची रुंद मॉनिटर घेण्याचा विचार बोलून दाखविला. किंमत निम्म्यावर आली होती, आणि पैसे त्याच्या पहिल्या पगारांतून साठविलेले. तरीही वडील मंडळींनीं “एवढें धूड कशाला?” म्हणून नाक मुरडलें व घरांत दोन दिवस अबोला राहिला. अखेर आम्हीं काका-पुतण्यांनीं मोजपट्टी हातीं घेतली.

पडद्याचें माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरतात. ३२ : ९ प्रमाणाचा हा पडदा सुमारें ४७ इंच रुंद, पण उंच अवघा १३ इंच; म्हणजे नेहमींचे २७ इंची दोन पडदे शेजारीं ठेवावे तितका. पुतण्याचें मेज निघालें साडेतीन फुटांचें!

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. ५१२० बाय १४४० च्या या पडद्यावर ७३ लाखांहून अधिक ठिपके असतात. ३४ इंची, ३४४० बाय १४४० च्या पडद्यावर साडेएकोणपन्नास लाख. दर इंचास ठिपके दोहोंतही ११० च्या आसपास, म्हणून रेखीवपणा सारखाच; परंतु मोठ्यासाठीं ग्राफिक्स कार्डास जवळजवळ दीडपट काम पडतें. कार्ड दुबळें असेल, तर सेकंदास १४४ वेळां चित्र बदलूं शकणारा पडदा घेऊनही खेळ अडखळणारच, आणि सवलतींत वांचलेले पैसे नव्या कार्डांत जाणार.

शिवाय प्रत्येक खेळ रुंद पडदा भरून दिसतो असें नाहीं. २०२२ सालीं निघालेला ‘एल्डन रिंग’ १६ : ९ प्रमाणांतच दिसतो व दोहों बाजूंस काळे पट्टे राहतात. ओएलईडी पडद्यावर एकच स्थिर चित्र फार काळ राहिल्यास त्याचा डाग उमटण्याचा संभव असतो. त्याविषयीं हमींत काय म्हटलें आहे, तें आधीं वाचावें. सवलतही छापील किंमतीवरून न मोजतां, मागील महिन्यांत तीच वस्तु कितीस विकली जात होती, त्यावरून मोजावी.

हें सर्व पाहून पुतण्यानें आपण होऊनच ३४ इंची पडदा निवडला. त्याच्या पैशांचा निर्णय त्याचाच होता. आम्हीं वडीलमंडळींनीं नाक मुरडण्याऐवजीं पहिल्याच दिवशीं मोजपट्टी आणून दिली असती, तर तो अबोला टळला असता, एवढें मात्र आम्हांस वाटून गेलें.