रक्ताचा प्रवाह आणि रक्ताचा दाब

मुलांनो, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रॉम्बे आहे. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. भारतातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथेच सुरू झाली. पण याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी हातापायांतून वाहणारे रक्त मोजण्याचे उपकरणही तयार केले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? रक्ताचा प्रवाह कशासाठी मोजायचा? ते समजण्यासाठी आधी आपल्या शरीराचा कारभार पाहू या.

हृदय हा एक पंप आहे. विश्रांती घेणाऱ्या मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देते आणि जवळजवळ ५ लिटर रक्त पुढे ढकलते. हे रक्त सगळीकडे सारखे जात नाही. तुम्ही धावता तेव्हा पायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळते. जेवल्यावर ते आतड्यांना जास्त मिळते आणि उकाड्यात त्वचेला. ही वाटणी लहान धमन्या करतात. त्यांच्या भिंतींत स्नायू असतात. ते सैल पडले की धमनी रुंद होते आणि आवळले की अरुंद होते.

चाळीत खालच्या मजल्यावरचे सगळे नळ एकदम उघडले, तर वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक होते. कारण पाण्याचा दाब कमी होतो. आपण उभे असताना मेंदू हा शरीराचा वरचा मजलाच असतो! तेथे काही सेकंद रक्त पोहोचले नाही, तरी माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून शरीर दाबावर सतत नजर ठेवते.

नमाज पढताना तुम्ही सजद्यातून उठून उभे राहता. त्या वेळी रक्त पायांकडे उतरू लागते आणि दाब कमी होतो. मानेतील मोठ्या धमन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या चेता असतात. त्या लगेच मेंदूला खबर देतात. मेंदूचा हुकूम सुटतो. हृदय भराभर चालते, रक्तवाहिन्या आवळतात आणि काही सेकंदांत दाब पूर्ववत होतो. तुम्हांला त्याचा पत्ताही लागत नाही.

मूत्रपिंडांचे काम सावकाश चालते. रोजा असताना दिवसभर पाणी मिळत नाही. तेव्हा ती लघवी कमी करून शरीरातील पाणी वाचवतात. पाणी फार घटले, तर रक्त कमी होऊन दाब उतरतो. उलट, फार मीठ खाल्ले तर शरीरात पाणी साठते आणि दाब वाढू शकतो.

मोठ्या माणसाचा दाब साधारणपणे १२०/८० असतो. तो नेहमीच १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिला, तर तो आजार समजावा. हा आजार मुका आहे. बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. पण हृदय, मेंदू, डोळे आणि मूत्रपिंडे आतून बिघडत जातात. म्हणून दाब मोजूनच पाहावा लागतो.

धमनी कोठे अरुंद झाली, हेही बाहेरून दिसत नाही. येथे ट्रॉम्बेचे उपकरण कामी येते. रक्तातून वीज सहज वाहते. उपकरणातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह पायातून सोडतात. तो जाणवतही नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर पायात रक्त भरते आणि विजेला होणारा विरोध किंचित घटतो. हा फरक मोजला की रक्त किती वाहते ते कळते. सुई टोचावी लागत नाही.

मुलांनो, तुमच्या दादाजान-दादीजानना विचारा, “रक्तदाब शेवटी कधी तपासला?” त्यांना दाबाची गोळी चालू असेल, तर ‘आता बरे वाटते’ म्हणून ती मनाने बंद करू देऊ नका. रमजानपूर्वी गोळीची वेळ डॉक्टरांना विचारायला सांगा. शरीर आपली काळजी गुपचूप घेते. त्याचा आजारही गुपचूपच येतो. त्याला वेळीच ओळखणे आपल्या हाती आहे.

उपक्रम : बसून एक मिनिट मनगटाची नाडी मोजा. जागच्या जागी ३० उड्या मारून पुन्हा मोजा. नाडीत काय फरक पडला? तो का पडला? चार वाक्यांत लिहा.