मधेच गप्प होणारा स्पीकर

वायफाय स्पीकरकडे गाणे तुकड्या-तुकड्यांनी येते आणि वाजण्यापूर्वी थोडे साठते. तुकडे रखडले, की साठा संपून आवाज तुटतो. सगळ्या खोल्यांतले स्पीकर एकदम गप्प होत असतील, तर फोनमध्ये साठवलेले गाणे लावावे. ते नीट वाजले, तर दोष बहुधा इंटरनेटचा. तेही तुटले, तर घरातल्या वायफायचा. एकच स्पीकर अडखळत असेल, तर तो राउटरजवळ आणून पाहावा. तिथे सुरळीत वाजला, तर अंतर किंवा भिंत आड येते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजाऱ्यांचे वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन व्यत्यय आणतात. तिथे १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण भिंतींपलीकडची पोचही कमी. एवढ्याने भागले नाही, तर सोय असलेल्या स्पीकरला इथरनेट केबल जोडावी.