शरीराचे धडे वेगळे, शरीर मात्र एकच

सातवीतल्या मुलाला पचन कुठे होतं म्हणून विचारलं, तर जठर, लहान आतडं, यकृत ही नावं तो घडाघड सांगतो. आठवीतली त्याची बहीण हृदयाचे चार कप्पे काढून दाखवते. पण "तू दुपारी खाल्लेला भात तुझ्या पोटरीपर्यंत पोहोचला कसा?" असं विचारलं की दोघंही एकमेकांकडे बघतात.

यात मुलांचा दोष नाही. आपल्याकडे चालत आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत अस्थिसंस्था आणि त्वचा सहावीत येते, स्नायू आणि पचनसंस्था सातवीत, तर श्वसन आणि रक्ताभिसरण आठवीत. एकाच वर्षी सगळं झेपणार नाही, म्हणून ही वाटणी बरोबरच आहे. पण तीन वर्षांचे हे तीन तुकडे जोडायचे कोणी? परीक्षेत तसा प्रश्न सहसा येत नाही, आणि पुढच्या वर्षी मागचं पुस्तक रद्दीत जातं.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. आमच्या वडगाव मावळात काय किंवा इतर कुठल्या गावात काय, घरातलं दुखणंसुद्धा आपण तुकड्यांनीच पाहतो. अब्बूंच्या पायांवर सूज आली की पायाला मलम चोळतो. दादीला अंधुक दिसू लागलं की चष्म्याचा नंबर बदलतो. सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची खूण असू शकते, अंधुक दिसण्यामागे वर्षानुवर्षांची साखर असू शकते, हे ध्यानात येईपर्यंत उशीर होतो. शरीर जोडून पाहायची सवय बाराव्या-तेराव्या वर्षी लागली, तर ती पुढे सगळ्या घराच्या कामी येते.

अंगणातला खेळ

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर चिंचोके, शेंगदाणे, खडे आणि आठ-दहा मुलं पुरेत. चिंचोके म्हणजे ऑक्सिजन, शेंगदाणे म्हणजे भातातून मिळालेली साखर, खडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. एक मूल फुफ्फुस, एक आतडं, एक पायाचा स्नायू, आणि मधोमध एक हृदय. उरलेली सगळी मुलं रक्त. नियम एकच: कुठूनही कुठेही जायचं तर आधी हृदयाला हात लावायचा.

रक्त फुफ्फुसाकडून चिंचोका आणतं, आतड्याकडून शेंगदाणा आणतं आणि स्नायूला देतं. स्नायू त्या बदल्यात खडा देतो, तो फुफ्फुसाकडे नेऊन टाकायचा. खेळ जमला की म्हणायचं, "आता पाय पळतोय, स्नायूला दुप्पट माल हवा." लगेच रक्ताची धावपळ होते, हृदयाला भराभर हात लागतात, फुफ्फुसाला दम खायला वेळ मिळत नाही. मग फुफ्फुसाला खाली बसवायचं. थोड्याच वेळात स्नायूपाशी शेंगदाणे साचतात आणि चिंचोका एकही येत नाही. पोट भरलेलं असूनही पाय का थांबतो, हे मुलं स्वतःच सांगतात. दम्याच्या माणसाला जिना का चढवत नाही, हेही तिथेच उमगतं.

लोहगडाच्या पायऱ्यांवर

दुसरा धडा चालता-बोलता देता येतो. वडगावहून लोकलने कान्हे, कामशेत गेलं की मळवली, आणि तिथून भाजे मार्गे लोहगड. पायथ्याशी प्रत्येकाने मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजायची, चारने गुणायचं. एका मिनिटातले श्वासही मोजायचे. वर दरवाज्यापाशी पोहोचताच पुन्हा मोजायचं, आणि पाच मिनिटं बसून तिसऱ्यांदा. या वयात निवांत बसलेल्या मुलाची नाडी बहुधा ७० ते १०० च्या आसपास असते. चढल्यावर ती किती झाली, आणि खाली यायला कोणाला किती वेळ लागला, ते वहीत लिहायचं.

मग बोलायचं. मोठ्या माणसाचं हृदय निवांत असताना मिनिटाला साधारण ५ लीटर रक्त ढकलतं. जोराच्या मेहनतीत हा आकडा तिप्पट-चौपट होतो. श्वास वाढवायला कोणी सांगितलं? मेंदूचा तळाचा भाग रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवून असतो, तो वाढू लागला की श्वासाचा वेग वाढवतो. चेहरा लाल का झाला? स्नायूंची उष्णता बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळलं, वर घाम आला. जेवून लगेच चढलं तर त्रास का होतो? पोट आणि पाय एकाच वेळी रक्त मागतात. एका चढणीत तिन्ही वर्षांचे धडे येऊन गेले. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढवू नये. त्याने बसून इतरांची नोंद ठेवावी.

रोज्यात शरीर काय करतं

रमजान तर आपल्या घरातला महिनाभराचा वर्गच आहे. सहरीनंतर काही तास शरीर खाल्लेल्या अन्नातली साखर वापरतं. ती ओसरली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करून ग्लुकागॉन वाढवतं, आणि यकृत आपल्या गोदामातली साखर रक्तात सोडू लागतं. गोदाम रिकामं होत गेलं की चरबीचा वापर वाढतो. इकडे पाणी कमी पडून रक्त जरा घट्ट झालं की मेंदूला कळतं. तो तहान लावतो आणि एका संप्रेरकामार्फत मूत्रपिंडांना पाणी राखायचा निरोप धाडतो. म्हणून असरच्या सुमारास लघवी कमी आणि गडद होते. मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लीटरच बाहेर टाकतात, हा आकडा ऐकून मुलं थक्क होतात.

हे समजलेलं मूल घरातल्या मधुमेही माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर वर सांगितलेला हा तोल औषधामुळे बिघडू शकतो, म्हणून रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्या लागतात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे, आणि आजाऱ्याला सवलत तर शरीयतनेच दिली आहे. दादा घामाघूम होऊन थरथरत असतील, तर "रोजा लागलाय" म्हणून सोडून न देता मशीन आणणारं नातवंड घरात असणं ही मोठी गोष्ट आहे.

आळशी नव्हे, अशक्त

तेरा-चौदा वर्षांची मुलगी शाळेतून आली की पडून राहते, अभ्यासात लक्ष नाही, जिन्यावर धाप लागते. घरचे म्हणतात, आळशी झालीय. अंगणातला खेळ आठवा: चिंचोका वाहून नेणारी मुलंच कमी केली तर? रक्तातलं हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. ते कमी पडलं की स्नायू थकतात, मेंदू मरगळतो आणि हृदयाला जास्त पळावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी याचसाठी असते. ती दप्तरात पडून राहू नये. जेवणावर लगेच चहा प्यायल्याने लोह कमी शोषलं जातं, लिंबू-आवळ्याने जास्त. थकवा राहिलाच तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

हे कोडं जुनंच आहे

हृदय आणि फुफ्फुस जोडून पाहणं मोठमोठ्या हकिमांनाही अवघड गेलं होतं. हृदयाच्या मधल्या पडद्यात अदृश्य छिद्रं आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जातं, असं जालिनूसपासून, म्हणजे गॅलेनपासून, मानलं जाई. दमास्कसला शिकलेले आणि कैरोत नावारूपाला आलेले इब्न नफीस यांनी १२४२ मध्ये, इब्न सिनांच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना, ही छिद्रं नाहीत आणि रक्त फुफ्फुसांतून फिरूनच डावीकडे येतं, असं स्पष्ट मांडलं. विल्यम हार्वी यांचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ त्यानंतर जवळजवळ चार शतकांनी, १६२८ मध्ये आला. इब्न नफीस यांचं हस्तलिखित विस्मरणात गेलं होतं; १९२४ मध्ये मुहियुद्दीन तत्तावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयात ते पुन्हा उजेडात आणलं. मोठ्यांनी सांगितलेलं आदराने वाचायचं, पण पडताळून पाहायचं, हा धडाही मुलांना यातून मिळतो.

तीन प्रश्न

मुलांना शिकवताना आम्ही तीनच प्रश्न हाताशी ठेवतो. ही वस्तू आली कुठून? पुढे गेली कुठे? वाटेत अडकली तर आणखी कोण थांबेल? पाण्याचा घोट असो, भाकरीचा तुकडा असो की श्वास असो, या तीन प्रश्नांनी निम्मं शरीर फिरून होतं.

सहावी आणि सातवीची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत देऊ नका. आठवीच्या पुस्तकाशेजारी ठेवा. आणि घरात मधुमेह असेल, तर या महिन्यात मुलांनाच विचारायला सांगा: साखर तपासली, पण डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायांची तपासणी वर्षभरात झाली का?