डेलिकेट आर्च : पावणेसातचा उजेड

पहाटे सव्वापाच

मोआब गावातल्या खोलीत चार्जरवरून बॅटऱ्या काढायच्या, कार्डं रिकामी आहेत ना ते बघायचं, आणि मग कॅमेऱ्यातली एक गोष्ट न विसरता बदलायची. व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वरून काढून 'डेलाइट'वर पक्का करायचा, ५,२०० केल्व्हिनच्या आसपास. लग्नकार्यात ऑटो बरा, कारण तिथे दिव्यांचा पिवळेपणा कुणालाच नको असतो. इथे कॅमेरा जो पिवळेपणा दोष समजून आपणहून पुसून टाकतो, नेमक्या त्याच्यासाठी मी सॉल्ट लेक सिटीहून चार तास गाडी चालवत आलेली असते. रॉ फाइलमध्ये हा आकडा नंतरही बदलता येतो, खरं आहे. पण जागेवर मागच्या पडद्यावर दिसणारं चित्र आणि हिस्टोग्राम त्यावरच बेततात, आणि माझे निर्णय त्या दोघांवर.

ऑक्टोबरचा मध्य आहे. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवेल, पावणेसातला मावळेल. आकाशाचा अंदाज बघताना माझं लक्ष डोक्यावरच्या ढगांपेक्षा पश्चिमेच्या क्षितिजाकडे असतं. तिथे जाड पट्टा असला तर बाकी आकाश कितीही सुंदर असो, संध्याकाळचं ऊन दगडापर्यंत पोचत नाही.

सात ते नऊ

आर्चेस नॅशनल पार्कचं फाटक गावापासून आठ किलोमीटरवर आहे. १९२९ मध्ये हूव्हर राष्ट्राध्यक्ष असताना ही जागा संरक्षित झाली, १९७१ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी इथे नोंदवलेल्या आहेत. सकाळी मी विंडोज भागात जाते. नॉर्थ विंडो या कमानीच्या पूर्वेला उभं राहून तिच्या पोकळीतून पलीकडची टरेट आर्च बघायची. उगवतं ऊन पाठीमागून येतं आणि दोन्ही दगड एकदम पेटतात.

रतनगडाच्या नेढ्यात वारा खात बसलेल्या माणसाला ही जागा परकी वाटायची नाही. फरक दगडाच्या स्वभावात आहे. आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट उजेड गिळतो. इथला एंट्राडा वालुकाश्म तो परत देतो. वाळूच्या कणाकणावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप आहे. त्याच्यावर पडलेलं ऊन लाल होऊन माघारी येतं आणि शेजारच्या दगडावर पडतं. या परतलेल्या उजेडाला मी दिवसभर शोधत असते. थेट ऊन कुणालाही दिसतं.

दहा ते बारा

या वेळी बहुतेक छायाचित्रकार कॅमेरा पिशवीत ठेवतात. माझ्या मते ते चुकतं. मी पार्क ॲव्हेन्यूत उतरते. न्यूयॉर्कच्या रस्त्याचं नाव मिळालेली ही घळ दोन्ही बाजूंनी उंच सरळ भिंतींची आहे. एका भिंतीवर ऊन, समोरची सावलीत. सावलीतली भिंत काळी असायला हवी. पण ती आतून तापल्यासारखी केशरी दिसते, कारण समोरची उन्हातली भिंत तिला उजेड पुरवते. त्याच भिंतीवर मँगनीज आणि लोहाचे काळसर चकचकीत ओघळ आहेत. इथले लोक त्यांना डेझर्ट व्हार्निश म्हणतात. ते गुळगुळीत असल्यामुळे वरच्या आकाशाची निळाई उचलतात. एकाच चौकटीत केशरी दगड आणि निळे ओघळ! ऑटो व्हाइट बॅलन्स या दोघांत तडजोड घडवायला जातो आणि दोन्ही रंग मळवतो.

पायाखाली मात्र सतत बघावं लागतं. वाटेबाहेरची काळी, खडबडीत, फुगीर माती म्हणजे जिवंत साय आहे. त्यात सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल असतं. वाळू धरून ठेवण्याचं, पाणी मुरवण्याचं काम तीच करते. एका पावलाने चुरडलेला तुकडा भरून यायला दशकं लागू शकतात. चांगल्या कोनासाठी पाऊल फक्त दगडावर, वाटेवर किंवा पावसाच्या ओहोळातल्या मोकळ्या वाळूत पडलं पाहिजे. तसं जमत नसेल तर तो फोटो सोडायचा. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार असते.

बारा ते तीन

खोलीवर परत. कार्डं दोन ठिकाणी उतरवणं, तिखटमिठाच्या पुऱ्या, तासभर झोप.

साडेतीन

वुल्फ रँचच्या वाहनतळापासून डेलिकेट आर्च या कमानीची वाट सुरू होते. जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटर, चढ साधारण दीडशे मीटर. आकडे सोपे आहेत, पण वाटेत सावली नाही आणि पाणी नाही. माणशी किमान दोन लिटर घेतलंच पाहिजे. ओहायोहून आलेला जॉन वेस्ली वुल्फ हा यादवी युद्धातला जखमी सैनिक १८९८ मध्ये मुलासह इथे गुरं पाळायला आला. त्याची लाकडी खोपी अजून उभी आहे. थोडं पुढे कातळावर यूट लोकांनी कोरलेले घोडेस्वार आणि मोठ्या शिंगांच्या मेंढ्या आहेत. मावळतीच्या घाईत लोक ही कोरीव चित्रं न बघता पुढे जातात; तिथे पाच मिनिटं थांबावं.

मग उघडा कातळ लागतो. वाट म्हणून फक्त दगडांचे छोटे रचलेले ढीग. शेवटचा टप्पा कड्याला बिलगलेल्या पट्टीवरून आहे, आणि तो वळला की कमान एकदम समोर येते. आधी कुठूनही तिची चाहूल लागत नाही.

पाच

कमानीसमोर कातळाचं मोठं वाडगं आहे. लोक त्याच्या काठावर ओळीने बसलेले असतात. मी त्यांच्याही मागे, जागा असेल तितकी लांब जाते. कमानीमागे ला साल पर्वत आहे, साडेतीन हजार मीटरच्या वर शिखरं असलेला. रुंद लेन्स घेऊन जवळ गेलं तर तो पर्वत चिमुकला होऊन कोपऱ्यात जातो. लांबून ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सने बघितलं तर कमान आणि पर्वत एकमेकांच्या तोलाचे दिसतात. ट्रायपॉड बुटका ठेवायचा, मधला दांडा वर काढायचा नाही; या वाडग्यात वारा फिरतो.

कमानीची पोकळी ४६ फूट उंच आणि ३२ फूट रुंद आहे, पण खाली माणूस उभा नसेल तर फोटोत हे कळत नाही. फिनिक्सहून आलेलं एक मराठी कुटुंब शेजारी बसलं आहे. मुलाने आईवडिलांना पुण्याहून आणलं आहे. काका-काकू फोटोसाठी कमानीखाली जाऊन उभे राहतात. परतायला लागतात तसं मी हात हलवून ओरडते, "काका, अजून थोडा वेळ तिथेच थांबाल का? तुमच्यामुळे कमानीची उंची कळतेय!" काकू पदर सावरून पुन्हा ताठ उभ्या राहतात.

वाट बघताना हा दगड वाचायला वेळ मिळतो. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र येऊन आटत राहिला आणि मिठाचे जाड थर साठले. वर दगड जमले, त्यांच्या भाराखाली मीठ सरकलं, फुगलं, आणि वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावून पातळ भिंती उरल्या. पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने कणांना सांधणारं कॅल्साइट विरघळवलं, हिवाळ्यात बर्फाने फटी ताणल्या, आणि भिंतींना भोकं पडली. हे थांबलेलं नाही. याच उद्यानातली वॉल आर्च २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत कोसळली.

सहा ते सात

सूर्य क्षितिजाशी टेकतो तेव्हा त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्यापेक्षा अडतीसेक पट जास्त हवा ओलांडावी लागते. निळा रंग वाटेत विखुरतो, लाल-केशरी उरतो, आणि तो आधीच लाल असलेल्या दगडावर पडतो. एफ ११, आयएसओ १००. ऊन माझ्या उजव्या खांद्यामागून येतं, त्यामुळे खांबांची गोलाई दिसते. हिस्टोग्राम मी तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघते. एकत्रित आलेख मध्यावर बसलेला असतो, तेव्हा लाल रंगाचा आलेख उजव्या काठाला धडकलेला असतो. तिथे दगडाचा पोत जातो आणि सपाट केशरी डाग उरतो. म्हणून एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉपने कमी.

वाडग्यातली सावली वर चढते, खांबांच्या पायथ्याला लागते. सगळ्यात शेवटी कमानीचा माथा विझतो. इथे निम्मे लोक उठतात आणि टॉर्च लावून परत निघतात. मला त्यांना थांबवावंसं वाटतं. थेट ऊन गेल्यावर पश्चिमेचं आकाश हाच एक प्रचंड मऊ दिवा होतो. कडक सावल्या जातात, दगडाचा खरा गुलाबी-तांबूस रंग वर येतो, ला सालवर निळसर जांभळा पट्टा चढतो. शटर आता एक-दोन सेकंदांवर गेलेलं असतं, त्यामुळे केबल वापरायची आणि वारा पडेपर्यंत थांबायचं. माझे चांगले फोटो याच वीसेक मिनिटांतले आहेत.

सव्वासात

उतरताना हेडलँप लाल उजेडावर, म्हणजे मागच्यांच्या डोळ्यांना त्रास होत नाही. २०१९ पासून हे उद्यान अधिकृत 'डार्क स्काय पार्क' आहे. रात्री कमान दिव्यांनी उजळून फोटो काढण्याच्या मी विरोधात आहे. २००० साली एका व्यावसायिक छायाचित्रकाराने तर फोटोच्या प्रात्यक्षिकासाठी कमानीखाली आग पेटवली. कातळावर काळे तेलकट डाग पडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. चांदण्यात जितकी कमान दिसते तितकी पुरे.

साडेनऊ

फाइली उतरतात. कॅलेंडर छापणाऱ्यांना नेहमीच अजून केशरी हवं असतं. मी सॅच्युरेशन वाढवत नाही. दगड पुरेसा लाल आहे. स्लायडर पुढे सरकवला की आधी सावलीतली निळाई मरते, आणि तिच्याशिवाय लाल रंग ओरडायला लागतो. ऊन गेल्यानंतरची, ला सालच्या जांभळ्या पट्ट्याची फाइल छपाईसाठी निवडते. काका-काकूंची चौकट वेगळी काढून त्यांच्या मुलाला पाठवते, तीही ५,२०० केल्व्हिनवरच.