किल्ली कोणाजवळ? : सांकेतिक ई-मेल आणि सकळ लिपी

ई-मेलची एखादी सेवा जेव्हा 'आपला मजकूर आम्हांसही वाचता येत नाही' असे आश्वासन देते, तेव्हा त्या विधानाचा शब्दशः अर्थ लावण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. अशी सेवा वापरू लागलेला मनुष्य थोड्याच दिवसांत तक्रार करू लागतो : जुने पत्र शोधता येत नाही, पत्र मिळालेल्याला ते उघडता येत नाही, पासवर्ड विसरताच सारा संग्रह बंद होतो. ह्या तक्रारींपैकी कोणत्या सेवेच्या उणिवांतून उद्भवतात आणि कोणत्या त्या आश्वासनातच गर्भित आहेत, याचा विवेक करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस हा प्रश्न परका नाही. समजा, बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी येथे एखादा विद्यार्थी वऱ्हाडी बोलीचे नमुने गोळा करीत आहे. निवेदक शब्दांची रूपे तर सांगतोच, पण बोलण्याच्या ओघात भाऊबंदकी, शेताच्या बांधाचा तंटा, सावकाराचे देणे हेही सांगून जातो. विद्यार्थ्याला हवी असते क्रियापदांची रूपे. पण त्याच्या हाती येते एका कुटुंबाची अब्रू. ती ध्वनिमुद्रणे व टिपणे मार्गदर्शकाकडे पाठविताना वाटेत कोणी वाचू नयेत, ही अपेक्षा रास्त आहे. आणि म्हणूनच सांकेतिक ई-मेलचा विचार करावा लागतो.

ह्या पद्धतीचे मूळ तत्त्व सोपे आहे. प्रत्येक व्यक्तीजवळ दोन किल्ल्या असतात. एक जाहीर, तिने कोणीही त्या व्यक्तीसाठी मजकूर कुलूपबंद करावा. दुसरी खासगी, तिनेच तो उघडावा. फिलिप झिमरमन यांनी 1991 साली 'पीजीपी' ही आज्ञावली प्रसिद्ध करून हे साधन सामान्य माणसाच्या हाती दिले. 2014 साली सर्न ह्या संशोधनसंस्थेतील काही शास्त्रज्ञांनी सुरू केलेली 'प्रोटॉन मेल' ही सेवा त्याच तत्त्वावर चालते. मात्र किल्ल्यांची उस्तवार ती पडद्याआड उरकते. ही उस्तवार किती अवघड असते हे अल्मा व्हिटन व डग टायगर यांनी 1999 साली दाखविले होते : 12 जणांना 90 मिनिटे देऊनही त्यांपैकी एकतृतीयांशच मजकूर बिनचूक सांकेतिक करून पाठवू शकले.

आता तक्रारींकडे वळू. पहिली पत्र घेणाऱ्याची. त्याच्याजवळ किल्ली नसेल, तर पाठविणाऱ्याला वेगळा पासवर्ड ठरवावा लागतो आणि तो अन्य मार्गाने, बहुधा दूरध्वनीवरून, कळवावा लागतो. पत्राऐवजी एक दुवा आल्याचे पाहून घेणारा गोंधळतो, आणि 'साधे पत्रच पाठवा' असे उत्तर येते. यात यंत्राचा दोष नाही. गुपित दोघांचे असते. ते एकट्याने पाळता येत नाही.

दुसरी तक्रार शोधाची. नेहमीच्या सेवेत मजकूर सर्व्हर वाचतो, म्हणूनच तो क्षणात शोधूनही देतो. जो वाचू शकत नाही, तो शोधणार कसा? अशा सेवांना मग मजकुराची सूची वापरणाऱ्याच्या संगणकावरच तयार करावी लागते. त्यास वेळ लागतो आणि संगणक बदलला की तो खटाटोप पुन्हा करावा लागतो. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. केवळ अक्षरांची जुळणी पाहणाऱ्या शोधास आपली सामान्यरूपे उमगत नाहीत. 'विहीर' शोधू गेल्यास 'विहिरीत' सापडत नाही. 'पाणी' शोधल्यास 'पाण्याचा' हाती लागत नाही. 'वऱ्हाडी' ह्या शब्दातील अर्धा र तर संगणकात दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु यंत्राला ती भिन्न वाटतात. सर्व्हर आंधळा असणे अपरिहार्य आहे. मराठीचे व्याकरण सूचीला न शिकविणे मात्र अपरिहार्य नाही. ही दुसरी उणीव दूर करता येण्याजोगी आहे, आणि ते काम भाषाशास्त्रज्ञांचे आहे.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर. पासवर्ड विसरल्यावर नवा मिळतो, परंतु जुना पत्रव्यवहार उघडत नाही. कारण त्याची किल्ली जुन्या पासवर्डाने बंद केलेली असते. पुनःप्राप्तीसाठी दिलेला शब्दसमूह आधीच जपून ठेवला नसेल, तर सेवा चालविणाराही हतबल असतो. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचवताही येत नाही.

याच्या उलट, पुष्कळांना वाटते तितके सारे काही झाकलेलेही नसते. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले हा पाकिटावरचा भाग पत्र पोचविण्यासाठी उघडा राहतो. प्रोटॉनसारख्या सेवेत पत्राचा विषयही त्या कडेकोट कुलपाबाहेरच असतो. 2021 साली स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून ह्याच सेवेने एका फ्रेंच कार्यकर्त्याच्या संगणकाचा जालपत्ता त्यांना दिला. पत्रांतील मजकूर देणे तिला शक्य नव्हते. तेव्हा निवेदकाचे नाव विषयाच्या ओळीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने कुलूप लावूनही दार उघडेच ठेवले, असे म्हणावे लागेल.

गुप्ततेच्या ह्या किंमतीचा एक मोठा अनुभव मराठीच्या इतिहासात नमूद आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरेने 'सैह्याद्रवर्णन'कार रवळोबासांकडे दिले जाते. तिचे तत्त्व वर्णबदलाचे : नेहमीच्या वर्णाच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह. पंथात दीक्षा घेतलेल्याला ही लिपी गुरूकडून मिळे. बाहेरच्याला पोथी हाती येऊनही वाचता येत नसे. त्यामुळे ग्रंथांचे रक्षण झाले, परंतु मराठी गद्याचा सर्वांत जुना ठेवा शतकानुशतके उर्वरित मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी लिपीचा उलगडा अभ्यासकांस झाला, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. वडनेर भोलजीच्याच परिसराशी हे संशोधन एका नात्याने जोडलेले आहे : ह्या साहित्याचे थोर अभ्यासक डॉ. वि. भि. कोलते यांचा जन्म 1908 साली बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे झाला. त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' 1978 साली प्रसिद्ध झाले.

हे साम्य मात्र फार ताणता येत नाही, आणि भेद आहे तेथेच खरा बोध आहे. सकळ लिपीची किल्ली एका व्यक्तीजवळ नव्हती. ती परंपरेजवळ होती. एक महंत गेला तरी दुसऱ्यास ती ठाऊक असे. शिवाय वर्णबदलाच्या लेखनात भाषेचा सांगाडा झाकला जात नाही : कोणते चिन्ह वारंवार येते, कोणते शब्दान्ती येते, कोणत्या प्रत्ययाची पुनरावृत्ती होते, यांवरून चिकाटीचा संशोधक मूळ वर्णांपर्यंत पोचू शकतो. आजच्या सांकेतिक मजकुरात असा कोणताही माग उरत नाही. त्यातील अक्षरांची वारंवारता मोजून काहीही निष्पन्न होत नाही. किल्ली हरवल्यास त्या मजकुराला कोणी राजवाडे लाभणार नाहीत.

यावरून आपल्या व्यवहारापुरते काही नियम सुचतात. निवेदकांची नावे टिपणांतून वेगळी काढून त्यांस क्रमांक द्यावेत. विषयाच्या ओळीत केवळ क्रमांकच लिहावा. सांकेतिक ई-मेल हा पोचविण्याचा मार्ग समजावा, साठवणीची जागा समजू नये. पोचलेली सामग्री विभागाच्या बंदिस्त संग्रहात त्याच दिवशी उतरवून घ्यावी. आणि पुनःप्राप्तीचा शब्दसमूह कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून, विद्यार्थी व मार्गदर्शक ह्या दोघांच्या संमतीनेच उघडेल अशा ठिकाणी ठेवावा.

गैरसोयीला कंटाळून साध्या पत्राकडे वळणे सोपे आहे. परंतु त्या सोयीची किंमत आपण मोजत नसतो. ज्याने आपल्यावर विश्वास ठेवून घरची गोष्ट सांगितली, तो मोजत असतो. म्हणून सेवा निवडण्यापूर्वी तिच्या सुखसोयींची यादी पाहण्याऐवजी दोनच प्रश्न विचारावेत : किल्ली कोणाजवळ आहे, आणि तो नसेल तेव्हा ती कोणाजवळ असेल?